निरीक्षकाच्या तोंडून विनोद: लेनी ब्रूसचा न्यूयॉर्क खटला, १९६४

१९६४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात एका सरकारी निरीक्षकाने तीन न्यायाधीशांपुढे एकपात्री विनोदी कार्यक्रम केला. हा गृहस्थ शहराच्या परवाना खात्यातला. ३१ मार्चच्या रात्री ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे ओ गो गो या क्लबात प्रेक्षक म्हणून बसून त्याने टिपणं काढली होती आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तीच वाचून, आठवून, अधूनमधून अडखळत तो सांगत होता. ज्याचा तो कार्यक्रम, तो अमेरिकी विनोदवीर लेनी ब्रूस अश्लीलतेच्या खटल्यातल्या आरोपीच्या जागी बसून ऐकत होता. त्याचं दुःख साधं होतं. तुरुंगात जायचं त्याने, आणि टायमिंग मात्र या माणसाचं.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ब्रूसला ती चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण पोलीसच त्याला घेऊन गेले होते. पायरी चढल्यावर त्याने काय केलं, हा या टिपणाचा विषय. ब्रूसवर जे लिहिलं जातं ते बहुतेक आरतीच्या सुरात असतं: व्यवस्थेने गिळलेला हुतात्मा वगैरे. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने एक प्रश्न झाकला जातो. हा खटला जिंकता येण्याजोगा होता. त्याच पुराव्यावर, त्याच न्यायाधीशांनी दोषी ठरवलेला दुसरा आरोपी अखेर सुटला. मग ब्रूसच का अडकला?

इथे सांगितलेलं सगळं सार्वजनिक नोंदीतलं आहे. दुय्यम मंडळींची नावं मुद्दाम गाळली आहेत, त्यांच्या हुद्द्याने काम भागतं.

पार्श्वभूमी

लेनी ब्रूसचं मूळ नाव लिओनार्ड आल्फ्रेड श्नायडर. जन्म १३ ऑक्टोबर १९२५, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. आई सॅली मार ही स्वतः रंगमंचावर काम करणारी, त्यामुळे घरात नकला आणि ठेका दोन्ही होतं. दुसऱ्या महायुद्धात कोवळ्या वयात तो नौदलात गेला. परतल्यावर छोटे-मोठे क्लब, मग कॅलिफोर्नियातले स्ट्रिप क्लब. तिथला प्रेक्षक विनोद ऐकायला आलेला नसतो. निवेदकाने दोन नाचांमधला वेळ भरून काढायचा, एवढंच काम. ब्रूसची जीभ सुटली ती तिथेच, कारण तिथे कुणी ऐकतच नव्हतं.

१९५१ साली मायामीत पाद्र्याचा वेश करून कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वर्गणी गोळा करताना तो पकडला गेला आणि सुटलाही, कारण वर्गणीसाठी काढलेली संस्था कागदोपत्री रीतसर नोंदवलेली होती. हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात पुढची बीजं दिसतात: कायद्याच्या फटीतून सहीसलामत बाहेर पडता येतं, आपण डोकं चालवलं की झालं, हा विश्वास त्याला तिथे बसला असावा.

१९५८-५९पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं नाव झालं. टाइम साप्ताहिकाने तेव्हाच्या नव्या विनोदवीरांच्या टोळीला ‘रोगट’ म्हटलं, त्यात तो अग्रभागी. त्याचा कार्यक्रम म्हणजे बांधीव विनोदांची माळ नव्हे. जॅझवाले जसे एक सूर धरून भटकतात आणि परत समेवर येतात, तसं त्याचं बोलणं. धर्माचा धंदा, वर्णद्वेष, लग्न, लैंगिकता, राजकारणी, मध्येच ज्यूंच्या यिडिश भाषेतले शब्द, मध्येच शिव्या. ४ फेब्रुवारी १९६१च्या मध्यरात्री न्यूयॉर्क हिमवादळाने ठप्प झालेलं असताना कार्नेगी हॉलमध्ये त्याचा प्रयोग झाला आणि लोक बर्फ तुडवत आले. तिथून पुढची साडेपाच वर्षं उताराची आहेत.

अडचण कुठे सुरू झाली

४ ऑक्टोबर १९६१. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॅझ वर्कशॉप या क्लबात एक दहा अक्षरी इंग्रजी शब्द उच्चारल्याबद्दल ब्रूसला अटक झाली. इथे त्याने जे केलं ते नमुनेदार आहे, आणि पुढे तोच ते विसरला. त्याने अल्बर्ट बेंडिक हा वकील घेतला. ॲलन गिन्सबर्गच्या कवितेवर १९५७ साली याच शहरात जो अश्लीलतेचा खटला झाला, त्यात बचावासाठी उभा राहिलेला हा माणूस. योगायोग असा की न्यायाधीशही तेच, क्लेटन हॉर्न. ज्युरीपुढे खटला चालला. १९५७च्या रॉथ निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली होती: सामान्य माणसाच्या नजरेने, समाजाच्या चालू मापदंडांनुसार, कलाकृतीचा एकूण रोख कामवासना चाळवण्याकडे आहे का, हे पाहायचं. सुटा शब्द उचलून चालत नाही. ज्युरीला ही कसोटी नीट समजावून सांगितली गेली आणि मार्च १९६२मध्ये ब्रूस निर्दोष सुटला.

या विजयातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र वाकडा होता. जिंकला होता वकील, कसोटी आणि ज्युरी यांच्या जुळणीतून. त्याला वाटलं, आपलं म्हणणं खरं होतं म्हणून जिंकलो.

त्यानंतर ऑक्टोबर १९६२मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबादूर क्लबात पुन्हा अटक. डिसेंबर १९६२मध्ये शिकागोच्या गेट ऑफ हॉर्न क्लबात तर प्रयोग चालू असताना पोलीस मंचावर आले. प्रेक्षकांत एक तरुण विनोदवीर बसला होता, जॉर्ज कार्लिन. त्याने ओळखपत्र दाखवायला नकार दिला, म्हणून त्यालाही त्याच गाडीत घातलं. शिकागोत पोलिसांचा खरा राग शिव्यांपेक्षा पोपच्या आणि चर्चच्या थट्टेवर होता. क्लबच्या माणसाला एका पोलीस अधिकाऱ्याने तसं उघड बजावलं होतं. पण ईश्वरनिंदेवर खटला भरता येत नव्हता. अश्लीलतेवर येत होता.

ही कायद्याची जुनी खोड आहे. राग एका गोष्टीचा, कलम दुसऱ्याच गोष्टीचं.

शिकागोचा खटला १९६३च्या सुरुवातीला ब्रूसच्या गैरहजेरीत संपला. तो तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अडकला होता. एक वर्ष कैद आणि एक हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली, म्हणजे कमाल. त्याच वर्षी ब्रिटनने त्याला देशात पाऊल टाकू दिलं नाही. क्लबमालक घाबरले. कुणी त्याच्या विनोदाला घाबरत नव्हतं, आपापल्या परवान्याला घाबरत होतं. विनोदवीर सुटला तरी क्लबला टाळं लागणार, मग बोलवायचं कशाला? निकाल लागण्याआधीच शिक्षा सुरू होते ती अशी.

आणि याच काळात कार्यक्रम बदलू लागला. ब्रूस मंचावर स्वतःच्या खटल्यांची कागदपत्रं वाचायला लागला. कुठल्या पोलिसाने काय साक्ष दिली, वकिलाने काय विचारायला हवं होतं, कलमाचा खरा अर्थ काय. हॉटेलच्या खोलीत कायद्याची पुस्तकं आणि ध्वनिफितींचे ढीग. त्याच्यावर जीव टाकणारी माणसंही हे प्रयोग कंटाळवाणे झाल्याचं सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

न्यूयॉर्क

कॅफे ओ गो गो हा ब्लीकर रस्त्यावरचा नवाकोरा क्लब, हॉवर्ड आणि एला सॉलोमन या जोडप्याचा. सगळे दारं लावत असताना या दोघांनी ब्रूसला बोलावलं. निरीक्षकाची टिपणं वर पोहोचली आणि ३ एप्रिल १९६४ला प्रयोगाआधीच अटक झाली. जामिनावर सुटून ब्रूस पुन्हा त्याच मंचावर उभा राहिला, ७ एप्रिलला पुन्हा अटक. जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांच्या कचेरीने हा खटला हट्टाने चालवला. तिथल्या एका सहायकाला काम नको होतं, म्हणून ते रिचर्ड कू यांच्याकडे गेलं. कू यांना ते मनापासून हवं होतं.

कार्यक्रमात असं काय होतं? शिव्या होत्या, भरपूर. पण खटल्याच्या मध्यभागी जे तुकडे आले ते पाहा. एक माजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या शरीराबद्दलचा. तो मला आजही पोरकट वाटतो, त्याचा बचाव करायला मी तयार नाही. दुसरा जॅकी केनेडींबद्दलचा, आणि तो वेगळ्या तोलाचा आहे. डॅलसमध्ये अध्यक्षांना गोळी लागल्यावर जॅकी चालत्या गाडीच्या मागच्या भागावर चढताना दिसतात, ते छायाचित्र जगभर गेलं होतं. त्या मदत आणायला निघाल्या होत्या, असं त्याखाली छापून आलं. ब्रूस म्हणत होता, थापा आहेत या. ती बाई जीव वाचवायला पळत होती, तुम्ही-आम्ही कुणीही पळालो असतो. आणि आपण मुलींना ही खोटी वीरकथा शिकवली, तर उद्या एखादीच्या नवऱ्यावर संकट येईल, ती घाबरून पळेल आणि जन्मभर स्वतःला वाईट बाई समजेल. हत्येला तेव्हा चार महिने झाले होते. हे बोलताना त्याने वापरलेले शब्द रांगडे होते. पण हा तुकडा वासना चाळवतो असं म्हणायला विलक्षण कल्पनाशक्ती हवी.

मराठी वाचकाला इथे वसंत गुर्जर यांची गांधींवरची कविता आठवेल. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात ती छापली गेली, तक्रार झाली आणि प्रकरण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने म्हटलं की ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले की समाजाच्या मापदंडाची कसोटी अधिक कडक होते. ब्रूसच्या खटल्यात हे तत्त्व कुणी शब्दांत मांडलं नव्हतं. कोर्टाच्या हवेत मात्र ते होतंच.

खटला १६ जूनला सुरू झाला. ज्युरी नव्हती. जॉन मर्टा, केनेथ फिप्स आणि रँडल क्रील असे तीन न्यायाधीश. ब्रूसचा वकील एफ्राइम लंडन, अश्लीलतेच्या आणि सेन्सॉरच्या कायद्यातला त्या काळचा मोठा माणूस. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या डी. एच. लॉरेन्सच्या कादंबरीवरच्या चित्रपटावर न्यूयॉर्कने घातलेली बंदी त्याने १९५९ साली सर्वोच्च न्यायालयातून उठवून आणली होती. ब्रूसचा खटला निकालासाठी थांबलेला असतानाच, १९ ऑगस्ट १९६४ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली आणि १८६८ची इंग्रजी हिकलिन कसोटी (सहज बिघडू शकणारं मन या मजकुराने बिघडेल का, एवढंच पाहणारी) भारतात पक्की केली. ती आपण सोडली २०१४ साली. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने ब्रूस त्या दिवशी मुंबईपेक्षा बऱ्याच बऱ्या जागी उभा होता.

बचावाच्या बाजूने समीक्षक, लेखक, व्यंगचित्रकार आले. गिन्सबर्ग भारतातून, त्यात मुंबईही आली, फिरून वर्षभरापूर्वी परतला होता. त्याने पुढाकार घेऊन एक निवेदन काढलं. त्यावर नॉर्मन मेलर, लायोनेल ट्रिलिंग, बॉब डिलन, एलिझाबेथ टेलर, वूडी ॲलन यांच्याबरोबर रायनहोल्ड नीबूर या धर्मचिंतकाचीही सही होती. सर्वांत अनपेक्षित साक्षीदार डॉरथी किलगॅलन, कर्मठ वाचकांच्या वर्तमानपत्रातली कॅथलिक स्तंभलेखिका. कू एकेक शब्द वाचून दाखवत गेले, बाई ढळल्या नाहीत. संदर्भात पाहा, म्हणाल्या.

संदर्भ हाच तर कळीचा मुद्दा होता, आणि तो निरीक्षकाच्या वहीत मावत नव्हता. वगातल्या सोंगाड्याची बतावणी पंचनाम्यात लिहून पाहा. हशा येतो ती जागा कागदावर नसतेच. उरतो फक्त चावट शब्द, कोरडा, एकाकी, गुन्हेगार दिसणारा. निरीक्षकाने मायक्रोफोनशी केलेल्या एका हावभावाचं वर्णन केलं आणि सरकारी पक्षाने त्याला अश्लील अर्थ लावला. ब्रूसचं म्हणणं, तो पाद्र्याचा आशीर्वादाचा हात होता. हात एकच. तो कुणी पाहिला, यावर सगळं अवलंबून.

समोर असलेले पर्याय

पहिला, माघार. कार्यक्रम सौम्य करायचा, काहीतरी कबूल करून दंडावर भागवायचं. एप्रिलमधल्या पहिल्या अटकेनंतर हा मार्ग कदाचित खुला असता. ब्रूसने तो विचारात घेतल्याचं दिसत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. ते केलं असतं तर ब्रूस उरलाच नसता.

दुसरा, लंडनचा मार्ग. या तिघांपुढे हरलो तरी चालेल, पण नोंद पक्की करायची. तज्ज्ञांच्या साक्षी, घटनेचे मुद्दे, सगळं कागदावर आणायचं आणि लढाई वरच्या न्यायालयात जिंकायची. या मार्गाला वेळ लागतो, पैसा लागतो आणि आरोपीला गप्प बसावं लागतं.

तिसरा, ब्रूसला हवा असलेला. मला पिंजऱ्यात उभं करा, मी न्यायाधीशांना माझा कार्यक्रम करून दाखवतो. वकील नाही म्हणाला. लंडनची बाजू समजते: आरोपी साक्षीला उभा राहिला की उलटतपासणी आली, अमली पदार्थांची प्रकरणं आली, आणि कूसारखा माणूस समोर. शिवाय सकाळी दहा वाजता तीन गंभीर न्यायाधीशांपुढे कुठला विनोद रंगतो? पण ब्रूसची बाजूही खोटी नाही. कार्यक्रमाचा मूळ पुरावा म्हणजे कार्यक्रम. त्याऐवजी निरीक्षकाची नक्कल आणि पोलिसांनी चोरून केलेलं खराब ध्वनिमुद्रण हेच कोर्टापुढे राहिलं.

चौथा पर्याय चालत्या खटल्यात उगवला. तारखा पाहण्यासारख्या आहेत. १६ जूनला खटला सुरू. १८ जूनला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोची शिक्षा कायम केली. आणि २२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकोबेलिस प्रकरणात सांगितलं की सामाजिक महत्त्वाचा लवलेशही नसलेलं लिखाण वा चित्रपटच अश्लील ठरू शकतो. (न्यायमूर्ती स्टुअर्ट यांचं ‘पाहिलं की ओळखतो’ हे सुप्रसिद्ध वाक्य याच निकालातलं.) इलिनॉयने आपला निकाल मागे घेऊन फेरविचार सुरू केला. वारं फिरलं होतं. आता फक्त धीर धरायचा होता.

त्याने काय केलं

धीर धरला नाही.

खटल्यात तो आजारी पडला, फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. खटला लांबला. साक्षी संपल्यावर निकालाची वाट पाहण्याच्या महिन्यांत त्याने लंडनला काढून टाकलं. न्यायाधीशांना थेट पत्रं लिहिली. संघराज्याच्या न्यायालयात स्वतः अर्ज केले, हा खटलाच थांबवा म्हणून. ते फेटाळले गेले.

४ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. मर्टा आणि फिप्स यांच्या मते दोषी, क्रील यांचं मत विरोधी. हॉवर्ड सॉलोमनही दोषी, एला निर्दोष.

वीसच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोची शिक्षा रद्द केली. न्यायाधीशांना ब्रूस आवडला नव्हता, हे निकालात लपत नाही. पण जेकोबेलिसनंतर हात बांधलेले आहेत, कार्यक्रमात काही भाग तरी सामाजिक भाष्य आहे, असं त्यांनी मान्य केलं. ही ब्रूसच्या हाती पडलेली सर्वांत मोठी चावी होती. एखादा मध्यम कुवतीचा वकीलही ती घेऊन न्यूयॉर्कच्या अपिलात गेला असता.

२१ डिसेंबरला शिक्षेची सुनावणी झाली. ब्रूस वकिलाविना उभा राहिला आणि सुमारे तासभर बोलला. कायद्याचे दाखले दिले, कुठे बरोबर, कुठे भलत्याच ठिकाणचे. पश्चात्ताप दिसत नाही, म्हणून कैदच द्या, असं कू म्हणाले. आपण पश्चात्तापासाठी नाही, न्यायासाठी आलो आहोत, असं ब्रूसचं उत्तर. मंचावर या ओळीला टाळी पडली असती. मर्टा यांनी चार महिन्यांची कैद सुनावली.

अपिलापर्यंत तो जामिनावर बाहेर राहिला. अपील स्वतःच चालवणार म्हणाला. अपिलाचं काम म्हणजे रटाळ कारकुनी: नोंदी मागवा, छापा, लेखी युक्तिवाद द्या, मुदती पाळा. ते तडीस गेलंच नाही. ऑक्टोबर १९६५मध्ये त्याने न्यायालयात दिवाळं जाहीर केलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी अपील. बाकी सगळे मुद्दे याच्यापुढे किरकोळ आहेत. सॉलोमनने वकील ठेवला आणि अपील केलं, बस्स. एका ताटातले दोन घास. ब्रूसच्या मृत्यूनंतर सॉलोमनची शिक्षा रद्द झाली आणि १९७० साली राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एरवी एखाद्या प्रकरणात ‘असं केलं असतं तर’ याला उत्तर नसतं. इथे आहे.

दुसरं, लंडनशी झालेला वाद मोडण्याऐवजी वळवता आला असता. ब्रूस साक्षीला नको, ठीक. पण त्याच्या कार्यक्रमांच्या चांगल्या ध्वनिमुद्रिका बाजारात होत्या. निरीक्षकाच्या नकलेला उत्तर म्हणून प्रेक्षकांच्या हशासकट, विराम आणि आवाजाच्या चढउतारासकट एक अख्खा प्रयोग कोर्टाने ऐकावा, असा आग्रह धरता आला असता. हे मी नाटकाच्या बाजूने बोलतोय, वकिलांना ते भाबडं वाटेल. ३१ मार्चच्या रात्रीचं काय, हाच प्रश्न कोर्टापुढे होता, दुसऱ्या रात्रीचा प्रयोग कदाचित ऐकलाच नसता. तरी मागणी नोंदीत गेली असती.

तिसरं जरा नाजूक आहे. विनोदवीर जगतो ती गोष्टच कोर्टात त्याच्या मुळावर येते. मंचावर अडवणारा प्रेक्षक आला की तू त्याला उत्तर देतोस, तेच तुझं बळ. कोर्टात अडवणाऱ्याला उत्तर वकील देतो, तेही लेखी, तेही चार महिन्यांनी. ब्रूसला हे सहन होईना. त्याच्या शेजारी एखादा थंड डोक्याचा मित्र हवा होता, ‘लेन्या, तू गप्प बस’ म्हणणारा. सह्या करणारे पुष्कळ होते. असा एकही नव्हता.

क्लबमालकांच्या बाजूने पाहिलं तर? सॉलोमन दांपत्य एकटं पडलं. व्हिलेजमधल्या पाच-दहा क्लबांनी मिळून ब्रूसला आलटून पालटून मंच दिला असता तर परवाना खात्याने किती ठिकाणी निरीक्षक बसवले असते? पण धंद्यात शेजाऱ्याच्या दुकानावर धाड पडली की आपलं शटर खाली येतं. तिथेही, इथेही.

आणि सरकारी पक्ष? कचेरीतल्या ज्या सहायकाने हे काम नको म्हटलं, त्याचं ऐकायला हवं होतं. होगन यांच्याच एका सहायकाने नंतर कबूल केलं की कायदा वापरून आम्ही त्या माणसाला संपवलं, आणि आम्हाला ते कळत होतं.

निष्पत्ती

२५ जून १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात ब्रूसचा शेवटचा प्रयोग झाला. ३ ऑगस्ट १९६६ला हॉलिवूडच्या टेकड्यांवरल्या घरात, न्हाणीघराच्या फरशीवर तो मृतावस्थेत सापडला. मॉर्फिनचा अतिरेक. वय चाळीस. पोलिसांनी छायाचित्रकारांना आत सोडलं.

त्या डिसेंबरच्या चार महिन्यांपैकी एक दिवसही त्याने तुरुंगात काढला नाही. पण १९६४नंतर क्लबमध्ये उभं राहण्याइतकी पत आणि वकील ठेवण्याइतका पैसा, दोन्ही गेलं होतं.

रिचर्ड कू १९७४ साली होगन यांच्या जागी नेमले गेले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत हरले. गेट ऑफ हॉर्नच्या गाडीत बसलेला कार्लिन पुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या विनोदवीरांपैकी एक झाला. अश्लीलतेच्या प्रश्नावर एक रेडिओ केंद्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेही त्याच्याच एका तुकड्यामुळे.

गुर्जरांच्या प्रकरणात माफी मागितलेल्या मुद्रक-प्रकाशकावरचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने काढला आणि कवीला खटल्याला सामोरं जायला सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये क्लबमालकाला माफी मागावी लागली नाही, अपील पुरलं.

२३ डिसेंबर २००३ रोजी, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी लेनी ब्रूसला माफी दिली. त्या राज्याच्या इतिहासातली ही पहिली मरणोत्तर माफी. रॉबिन विल्यम्ससारख्या कलावंतांनी त्यासाठी अर्जावर सह्या केल्या होत्या. वर्तमानपत्रांत ती विजय म्हणून छापली गेली. मात्र माफी दोषी ठरलेल्याला देतात. हॉवर्ड सॉलोमनला ती द्यावी लागली नाही, त्याची शिक्षा रद्दच झाली होती. त्या रात्रीचे शब्द बोलणारा कागदोपत्री आजही माफ केलेला गुन्हेगार आहे, आणि त्याला मंच देणारा निर्दोष.